शिधा काढायची वेळ

सकाळी सव्वासहाला बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला आणि आकडा आला १२४. रात्री झोपताना होता १०९. मधल्या वेळात दोन घोट पाण्याशिवाय मी काही घेतलेलं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बायकोला नव्हतं. तिने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि उठून बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला.

"नऊ होते."

"नऊच आहेत."

"अहो, मग साखर काय हवेतून आली?"

प्रश्न बिनतोड होता. चोरी घरातलीच होती, फक्त चोर मी नव्हतो. माझं यकृत होतं.

आमच्या आजीच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असत. घर उठायच्या आत ती कोठी उघडून दिवसाचा शिधा काढून ठेवी. तांदूळ मापट्याने, डाळ मुठीने. कुणी भूक लागली म्हणून रडायची तिने कधी वाट पाहिली नाही; आता माणसं उठणार, हे तिला आधीच कळे. यकृताचं तसंच. त्याच्या कोठीत ग्लायकोजेन म्हणून फार तर शंभरेक ग्रॅम साखर मावते, त्यावर ते रात्रभर मेंदूला पोसतं. पहाट जवळ आली की रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढू लागतं आणि यकृत हात जरा सैल सोडतं. थोडी साखर कोठीतली, थोडी नव्याने बनवलेली. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड तेवढंच इन्सुलिन सोडून हिशेब मिटवतं. माझं, डॉक्टरांच्या भाषेत, 'बॉर्डरवर' आहे. त्यामुळे शिधा बाहेर येतो आणि उचलायला कुणी नसतं. याला डॉक्टर 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात. नाव ऐकून मला आधी दुबईची आठवण झाली, पण हा डॉन म्हणजे नुसती पहाट.

पण पोटाच्या अंधारात बसलेल्या यकृताला पहाट कळते कशी?

मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, जेमतेम २०,००० पेशींचं. ते उजेडाकडे बघून वेळ लावतं. इथवर मला ठाऊक होतं. यकृताच्या पेशी-पेशीत आणखी एकेक घड्याळ आहे आणि ते उजेडापेक्षा जेवणाचं ऐकतं, हे मात्र निवृत्तीनंतर वाचलं. उंदरांची जात रात्री खाणारी. त्यांना अन्न फक्त दिवसा द्यायला सुरुवात केली, तर यकृताने दोनेक दिवसांत आपले काटे फिरवून घेतले. मेंदूतलं घड्याळ जागचं हललं नाही.

म्हणजे बावीस वर्षं माझं नेमकं काय चाललं होतं, ते समजलं. मी वर्तमानपत्रात रात्रपाळीचा उपसंपादक. शेवटचं पान सुटलं की दीड वाजता खाली गाडीवर भुर्जी-पाव, वर कटिंग. बायकोने दिलेला डबा संध्याकाळीच संपलेला असायचा. डोळे सांगायचे रात्र झाली, पोट सांगायचं जेवणवेळ झाली. आमच्या घरातही तसंच आहे. हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कुणाला उशीर होऊ नये म्हणून, स्वयंपाकघरातलं बरोबर. दोघांच्या मध्ये माणसं धावतात.

आणि हा मामला एकतर्फी नाही, याचीच मला जास्त गंमत वाटते. २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला: ज्या उंदरांमध्ये घड्याळाचंच एक जनुक बिघडलेलं होतं, ते खायच्या वेळा विसरले, लठ्ठ झाले, त्यांची साखर वाढली. म्हणजे घड्याळ बिघडलं की कोठी बिघडते. उलटंही होतं. पेशीतलं इंधन उतरलं की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि घड्याळाच्या एका प्रथिनावर खूण करून त्याला मोडीत काढायला लावतं, काटे सरकतात. पिठाच्या डब्यात हात घालून आजी जशी वार ओळखायची, तसंच हे. डबा तळाला लागला म्हणजे शनिवार, उद्या दळण.

इतकं वाचल्यावर गप्प बसवेना. एक दिवस सकाळी आठला पोहे खाल्ले, दोन तासांनी बोट टोचलं. दुसऱ्या दिवशी तेवढेच पोहे, त्याच वाटीने मोजून, रात्री साडेनऊला. रात्रीचा आकडा तीसने जास्त. एका माणसाचे दोन दिवस म्हणजे काही शास्त्र नव्हे, आणि रात्रीच्या पोह्यांवर मी शेव घेतली नव्हती याला साक्षीदार नाही. पण मोठ्या अभ्यासांतही असंच दिसलं आहे: तेच ताट संध्याकाळी साखर जास्त चढवतं. अंधार पडला की रात्रीची वर्दी देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक झिरपू लागतं आणि स्वादुपिंड इन्सुलिन द्यायला कुरकुर करतं. दुकानदार शटर अर्धं ओढून बसलेला असताना महिन्याचं वाणसामान मागावं, तसं.

हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं. यकृत, कॉर्टिसॉल, उंदीर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मी निर्दोष आहे हे तिला पटलं, असं ती म्हणाली. मग लाडवांचा डबा उचलून माळ्यावर ठेवला, आणि आजपासून रात्रीचं जेवण साडेसातला, असं जाहीर केलं.

हॉलमधल्या घड्याळाप्रमाणे. म्हणजे खरं तर सात वीसला.