तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर का जात नाही?

‘एवढा त्रास होतोय, तर दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर का जात नाही?’ माझी कॉमिक्स वाचणारं कुणी ना कुणी हे विचारत असतं. विचारणाऱ्यांना माझी काळजी वाटते, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

मी बायकांच्या शरीराविषयी कॉमिक्स काढते. पाळी, बाळंतपण, अंगावर पाजणं, पिशवी काढल्यानंतरचे दिवस. काही वाचक दरमहा ठरावीक रक्कम देतात, त्यातून कागद-छपाई निघते आणि घरभाड्याला हातभार लागतो. मध्यंतरी प्लॅटफॉर्मने माझं पान ‘तपासणीसाठी’ थांबवलं. कुठलं चित्र, कोणता नियम, मेलमध्ये काहीच नव्हतं. बऱ्याच पाठपुराव्यानंतर कळलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाई आरशासमोर उभी आहे, एका बाजूला छाती सपाट, त्यावर तिरपा व्रण, टाक्यांच्या खुणा, आणि ती ब्लाउज घालायला हात उचलतेय. हे चित्र ‘प्रौढांसाठी’ ठरलं होतं. तोवर त्या महिन्याचे पैसे अडकलेले, आणि घरमालक काही तपासणी संपायची वाट बघत नाहीत.

आता दुसरीकडे जाण्याचं. तुम्ही मला पैसे देता तेव्हा ते तुमच्या बँकेतून कार्ड कंपनीच्या जाळ्यातून पेमेंट प्रोसेसरकडे, म्हणजे कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या मधल्या कंपनीकडे, तिथून प्लॅटफॉर्मकडे आणि मग माझ्याकडे येतात. प्लॅटफॉर्म बरेच आहेत. पण त्यांच्याखाली व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल, स्ट्राइप अशी मोजकीच नावं पुन्हापुन्हा येतात. दुकान बदललं तरी गल्ला तोच राहतो. ओन्लीफॅन्सने, म्हणजे प्रौढांसाठीच्या फोटो-व्हिडिओंसाठी ओळखल्या जाणाऱ्या सदस्यत्वाच्या साइटने, १९ ऑगस्ट २०२१ ला लैंगिक चित्रण बंद करायचं जाहीर केलं, बँकांकडे बोट दाखवलं आणि आठवड्याच्या आत निर्णय मागे घेतला. २०२४ मध्ये गमरोड या डिजिटल वस्तू विकायच्या साइटनेही पेमेंट कंपन्यांचं कारण देऊन नियम आवळले.

सगळ्यात स्पष्ट दिसलं ते जुलै २०२५ मध्ये. इच.आयओ ही स्वतंत्र गेम, झाइन (स्वतःच काढलेले छोटे अंक), कॉमिक्स विकण्याची ऑनलाइन जागा आहे. एका बलात्कारप्रधान गेमवरून ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या संघटनेने मोहीम चालवली आणि थेट पेमेंट कंपन्यांना पत्र लिहिलं. तो गेम केव्हाच हटवला गेला होता. तरीही इच.आयओने प्रौढांसाठीचं सगळंच साहित्य एका झटक्यात सर्चमधून उडवलं, लेखक-चित्रकारांना आधी न सांगता. सुक्याबरोबर ओलंही जळालं. महिनाअखेरीस त्यांनी यातलं काही परत दिसू दिलं, पण फक्त फुकट असलेलं. मला हे सगळ्यात लागलं. म्हणजे चित्र दाखवायला हरकत नाही, त्याचे पैसे घ्यायला हरकत आहे.

त्याच महिन्यात स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानानेही काही गेम हटवले. ओरड झाल्यावर मास्टरकार्डने १ ऑगस्टला सांगितलं की आम्ही कुठलाही गेम तपासलेला नाही, कायदेशीर खरेदी आमच्या जाळ्यावर चालते. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वचं म्हणणं, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, बोलले ते प्रोसेसर, आणि त्यांनी मास्टरकार्डच्याच नियमाचा हवाला दिला. कंपनीच्या नावाला बट्टा लावेल असा व्यवहार नको, असा तो नियम. बट्टा कशाने लागतो हे कुठल्या कोर्टात ठरत नाही. बंदी घालणारा कोण, तेच सापडत नाही. मग दाद कुणाकडे मागायची?

या कंपन्यांना काळजीचं कारणच नाही, असं मी म्हणणार नाही. संमतीशिवाय काढलेले व्हिडिओ, मुलांचं शोषण, यावर पैसे कमावले जात होते. मास्टरकार्डने २०२१ मध्ये वय आणि संमतीचे पुरावे ठेवायला लावले ते योग्यच होतं. त्या नियमाला नेमका गुन्हा माहीत होता. माझ्या चित्रातल्या बाईच्या व्रणाने कुणाचं काय नुकसान केलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडे वाटा आणखी कमी. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर भारतातून प्रकल्प उभा करता येत नाही. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डातून दरमहा आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. ते ग्राहकाच्या सुरक्षेसाठी होते, मजकुराशी त्यांचा संबंध नव्हता. पण परदेशी प्लॅटफॉर्मवर महिन्याला थोडेथोडे पैसे देणाऱ्या कितीतरी भारतीय वाचकांचं पेमेंट अडकू लागलं.

म्हणून मी हललेली नाही. वाचकांचे ईमेल पत्ते मात्र आता माझ्याकडे आहेत, छापील अंक मी स्वतः पोस्टाने पाठवते आणि इथले वाचक यूपीआयने पैसे देतात. ते चित्रही अंकात आहे. अडचण उरते ती न्यू जर्सी, लंडन, सिडनीतल्या वाचकांची. दरमहा पैसे देणारे बरेचजण तिकडचेच आहेत आणि त्यांच्या हातात कार्ड आहे. त्यांच्यासाठी मला अजून त्याच गल्ल्यावर उभं राहावं लागतं.