क्वाल्स पास झालेली माणसं जातात कुठे?

जीएसएची खजिनदार झाले असं फोनवर सांगितलं तर आईला वाटलं मी कॉलेजची जीएस झाले, आणि तिने ते मावशीला कळवूनही टाकलं. तर आधी हा गैरसमज दूर करते. जीएसए म्हणजे ग्रॅज्युएट स्टुडंट असोसिएशन, तीही अख्ख्या युनिव्हर्सिटीची नाही, फक्त आमच्या डिपार्टमेंटची, मास्टर्स-पीएचडी धरून साठेक पोरं. निवडणूक-बिवडणूक काही नाही. मीटिंगला सात जण होतो, खजिनदार कोण होणार असं विचारल्यावर सगळे एकदम आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागले, आणि माझा नेमका चार्जिंग संपून बंद पडला होता.

बरं, सात जणांच्या मीटिंगलाही नियम असतात इथे अमेरिकेत. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करातल्या इंजिनियरने १८७६ साली सभेचे नियम छापले, ते अमेरिकेत अजून कुठे कुठे चालतात. म्हणजे 'कॉफीचं मशीन हलवूया का' एवढंच म्हणायचं तर आधी कोणीतरी मोशन म्हणजे प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो सेकंड करायचा, म्हणजे अनुमोदन द्यायचं, मग चर्चा, मग मतदान. पहिल्यांदा जाम हसू आलं. पण समोरचा थांबल्याशिवाय मला तोंडच उघडता येत नाही, त्यामुळे माझ्यासारखीला ही भानगड फार सोयीची पडली, आपली पाळी आपोआप येते.

आता ते मशीन. ते होतं चौथ्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये, तिथे दर शुक्रवारी कॉफी अवर, पोस्टर-बिस्टर सगळं करून, आणि यायचे कोण तर आम्हीच सात, कधी कधी पाच. मग कोणाला तरी सुचलं की माणसांना बोलवण्यापेक्षा माणसं जिथे जातात तिथे मशीन नेऊ, आणि सगळ्यांना जावंच लागतं अशी एकच जागा, दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर. तिथे कागद अडकतोच. अडकला की दोघं जण खाली बसून ट्रे ओढतात, शाईचे हात करतात, आणि तेवढ्यात 'तू कोणाच्या लॅबमध्ये' हे विचारून होतं. शेजारी एक फळी ठोकली, कॉफीचे मग ठेवायला, प्रत्येकाच्या मगवर चिकटपट्टीवर नाव.

त्या नावांवरूनच एक गोष्ट लक्षात आली, सगळे मग पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांचे. वरची पोरं कुठे गेली? इथल्या पीएचडीची रचनाच तशी आहे. पहिली दोनेक वर्षं कोर्सवर्क, रोज एका वर्गात, एकाच होमवर्कवर रात्री जागणं, मैत्री करायला वेगळं काही करावंच लागत नाही. मग क्वाल्स म्हणजे क्वालिफायिंग एक्झाम, लेखी आणि तोंडी, आमच्याकडे दोन्ही. ती पास झालात की तुम्ही एबीडी, प्रबंध सोडून बाकी सगळं झालेले, आणि त्या दिवसापासून वर्ग नाही, टाइमटेबल नाही, तुम्ही आणि तुमचा गाइड, तोही कॉन्फरन्सला गेलेला. इथल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या कौन्सिलने एक मोठा अभ्यास केला होता, त्यात दहा वर्षांनंतर पीएचडी पुरी झालेले साधारण ५७ टक्केच निघाले. सगळे एकटेपणामुळे सोडतात असं माझं म्हणणं नाही, नोकरी मिळते, पटत नाही, शंभर कारणं. पण गळणारा माणूस गळाला हेही कोणाला कळत नसेल तर मग ते डिपार्टमेंट कसलं.

या लोकांना पार्टीला बोलवून उपयोग नाही हे आम्ही करून बघितलं. 'बिझी आहे' असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. मग त्यांना कामच दिलं. ज्युनियर मुलांची खोटी तोंडी परीक्षा घ्या, एक तास, वाट्टेल तेवढे खडूस व्हा. बारा जणांना मेल केली, नऊ आले! हे गणित मला अजून नीट उलगडलेलं नाही, पण मजा करायला न येणारा माणूस मदतीला येतो हे खरं.

माझी परीक्षा घ्यायला पाचव्या वर्षातला एक जण होता, मी त्याला फक्त ईमेलच्या यादीतून ओळखत होते. पहिलीच स्लाइड, आणि त्याने विचारलं, हे समीकरण कुठून आलं? आता ते मी एका पेपरमधून जसंच्या तसं उचललेलं, त्यातलं उणे चिन्ह का आहे हे मला काय माहीत. दहा मिनिटं फळ्यासमोर उभी, खडूचे तुकडे करत. मग तोच म्हणाला, मलाही इथेच धरलं होतं, आणि मी पहिल्यांदा नापास झालो होतो. खोलीत कोणालाच हे ठाऊक नव्हतं. दुसरी संधी मिळते हे हँडबुकात लिहिलेलं असतं हो, पण दुसऱ्या संधीत पास झालेला माणूस समोर बसून खुर्चीवर पाय हलवतोय हे बघणं वेगळं. त्यानंतर आणखी दोघांनी हळूच सांगितलं की आमचंही तसंच.

पुढच्या आठवड्यात फळीवर त्याचा मग दिसला, कानाशी टवका उडालेला.

बाकी माझं खरं काम म्हणजे पावत्या. आधी स्वतःच्या कार्डावरून भरायचे, मग पैसे परत मिळायची वाट बघायची, त्यावर न बोललेलं बरं. सेमिस्टरच्या शेवटी निधीचा फॉर्म भरायचा असतो, कार्यक्रमाचं नाव, तारीख, उपस्थिती. आता प्रिंटरशेजारच्या कॉफीची तारीख काय लिहू? शेवटी खाली गेले, फळीवरचे मग मोजले आणि उपस्थितीत लिहिलं एकतीस. फॉर्म परत आलाय, सह्यांचा कागद जोडा म्हणून.