नाव लायसन्सवर आलं

मी इंग्लंडमधल्या ज्या मालवाहतूक कंपनीत ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे, तिची एक गाडी गेल्या आठवड्यात इथल्या फेलिक्स्टोव बंदरातून कंटेनर घेऊन निघाली आणि केटरिंगजवळ ए-१४ रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डेपो तिथून अर्ध्या तासावर. गाडी ठणठणीत होती. ड्रायव्हरचे गाडी चालवायचे साडेचार तास भरले होते, आणि बंदरातल्या रांगेत गाडी सारखी पुढे सरकवावी लागल्यामुळे मधला ब्रेक झाला नव्हता. आता ४५ मिनिटं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तिकडे ग्राहक फोनवर माझ्यावर ओरडत होता, त्याची माणसं माल उतरवायला ताटकळली होती. ड्रायव्हरनं परवानगी मागितली नाही, नुसतं कळवलं. मी ‘ठीक आहे’ म्हणालो. दुसरं काही म्हणायचा मला अधिकारच नाही.

फोन ठेवल्यावर वडील आठवले. कळंबोलीहून स्टील भरून ते हैदराबादच्या लाइनवर असायचे. ‘सकाळी माल पोचला पाहिजे’ एवढाच शेठचा निरोप. डोळा लागतोय असं सांगायची सोय नव्हती, कारण भत्ता खेपेवर होता आणि थांबलं की भत्ता बुडायचा. इथे मैलांवर किंवा मालावर बक्षीस लावून ड्रायव्हर जीव धोक्यात घालेल असा पगारच देता येत नाही, तसा नियम आहे.

कायदा आपल्याकडे नाही असं मात्र कुणी समजू नका. वडिलांच्या काळात १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला थोडी सवलत, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. सगळं लिहिलेलं होतं. वडिलांना त्यातलं एक अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं. फरक पडतो तो यंत्रात आणि नावात. इथे प्रत्येक ड्रायव्हरचं कार्ड टॅकोग्राफमध्ये, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्रात असतं. त्यावरची नोंद २८ दिवसांच्या आत उतरवून तपासावी लागते, गाडीतल्या यंत्राची नोंद ९० दिवसांत. कुणी दहा मिनिटं जास्त चालवली तरी कागदावर येतं, मग ड्रायव्हरला समोर बसवून कारण विचारायचं आणि सही घ्यायची. हे मी केलं नाही तर उत्तर मालकाइतकंच मला द्यावं लागतं. कंपनीच्या ऑपरेटर लायसन्सवर, म्हणजे मालवाहतुकीच्या परवान्यावर, ट्रान्सपोर्ट मॅनेजर म्हणून माझं नाव आहे. ट्रॅफिक कमिशनरनं, म्हणजे हे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यानं, सुनावणीला बोलावून मला अपात्र ठरवलं, तर ही कंपनीच काय, कुठल्याच कंपनीत मला या पदावर बसता येणार नाही. म्हणून ओरडणाऱ्या ग्राहकासमोर मी ठाम राहू शकतो. माझ्या चांगुलपणापेक्षा त्या व्यवस्थेचा वाटा त्यात मोठा आहे, हे मी मान्य करतो.

या खुर्चीपर्यंत कसा आलो, हे बरेच जण विचारतात. हिच्या नर्सिंगच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. २०२१ साली ड्रायव्हरांचा मोठा तुटवडा पडला आणि परीक्षेचे नियम बदलले. आधी साध्या लॉरीचं लायसन्स काढण्याची अट गेली, थेट ट्रेलरची परीक्षा देता येऊ लागली. मेडिकल, थिअरी, मग प्रत्यक्ष चालवणं. काही काळ रात्रपाळी केली. त्यानंतर डेपोच्या ऑफिसात गाड्यांचं वेळापत्रक लावायची जागा निघाली तेव्हा मागून घेतली, आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजरच्या सीपीसी, म्हणजे व्यावसायिक पात्रतेच्या परीक्षेला बसलो. त्या परीक्षेला पदवी लागत नाही. एक पेपर पर्यायी प्रश्नांचा, दुसरा केस स्टडीचा. दुसऱ्यात एखाद्या ड्रायव्हरचा दिवस ब्रेक आणि विश्रांतीसकट मांडायला सांगतात किंवा फेरीचा खर्च काढायला लावतात. ज्यानं रस्ता पाहिलाय त्याला हे पुस्तकापेक्षा अंगवळणी असतं. आपल्याकडे ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या गल्ल्यावर शेठचा मुलगा बसतो, ड्रायव्हर कितीही हुशार असो.

पण याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडचा ड्रायव्हर मॅनेजर होत नसला तरी मालक होतो. कर्जावर एक गाडी घेतो, हप्ते फेडतो, दुसरी घेतो. वडिलांचे दोन सोबती तसेच मालक झाले. इथे पहिल्या गाडीसाठीच ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीसाठी ४,५०० पौंड हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. जोडीला डेपोची जागा, देखभालीचा करार, सीपीसी झालेला माणूस. एकट्या ड्रायव्हरला ते झेपणं अवघडच. आणि रस्त्यावरच्या सोयींबद्दल तर बोलूच नका. त्या दिवशी आमचा ड्रायव्हर थांबला तिथे शौचालयही नव्हतं. सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यावर आपल्या माणसाला बाज मिळते, आंघोळीला पाणी मिळतं, तव्यावरची गरम भाकरी मिळते. या देशानं ड्रायव्हरचे तास मोजले, पण त्याच्या पाठीला टेकू द्यायचं राहून गेलं.

मॅनेजर झाल्याचं कळल्यावर मामांनी फोन केला. म्हणाले, ‘सुटलास बाबा स्टिअरिंगमधून.’ मला ते लागलं. रात्री ट्रेलर चालवणारा आमचा ड्रायव्हर कित्येक महिने माझ्यापेक्षा जास्त पगार घेऊन जातो, आणि त्याला कुणी कमी लेखत नाही. मी ऑफिसात आलो ते मुलीची शाळा आणि हिच्या पाळ्या सांभाळायला कुणीतरी ठरावीक वेळेला घरी हवं होतं म्हणून. ट्रेलरचं लायसन्स मी अजून चालू ठेवलंय. दर ५ वर्षांनी लागणारं ३५ तासांचं प्रशिक्षणही करतो.

गावाकडच्या पोरांचे मेसेज येतात, ‘दादा, आम्हालाही बोलवून घे.’ त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. लॉरी ड्रायव्हरचं काम इथल्या कुशल कामगार व्हिसात बसत नाही. एखादा एजंट त्या नावानं पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, शेत तर मुळीच गहाण ठेवू नका. माझ्यासारखे बहुतेक जण जोडीदाराच्या व्हिसावर आलेत. तो मार्ग कुणाला खुला असेल तर मला विचारा, मेडिकलच्या फॉर्मपासून सगळं समजावून सांगेन.