वर्गात समजते, मग लिहिताना हात का थांबतो?

प्रोग्रॅमिंगचे, म्हणजे संगणकासाठी सूचना लिहिण्याचे, पहिले सत्र अर्धे सरले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारा दर वर्षी वेगळा असतो, शब्द मात्र जवळपास तेच असतात : "वर्गात सगळे समजते, फळ्यावरचा प्रोग्रॅम वाचला की तोही समजतो, पण स्वतः लिहायला बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. हा विषय माझा नाहीच का?" शेवटचे वाक्य बहुतेक जण आवाज खाली आणून विचारतात, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

प्रोग्रॅमिंग कसे शिकले जाते याचा अभ्यास करणारे मायकेल मॅकक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना आकडेमोड करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. हे सारे विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकलेले होते, तरी ११० पैकी त्यांचे सरासरी गुण २३ च्याही आतच राहिले. इतक्या जणांचा हा विषय नव्हता असे म्हणण्यापेक्षा, आपण तो शिकवताना आणि शिकताना कोणती तरी एक पायरी गाळतो, असे म्हणणे मला अधिक पटते. ती पायरी कोणती याचा अंदाज याच विषयाचे अभ्यासक रेमंड लिस्टर आणि इतरांनी २००४ साली सात देशांतील विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासातून येतो. तिथे लिहायला फारसे सांगितलेच नव्हते; समोरचा छोटा प्रोग्रॅम चालवला तर काय उत्तर येईल किंवा त्यातील गाळलेली ओळ कोणती, एवढेच पर्यायांतून निवडायचे होते, आणि तिथेही पुष्कळ जण अडखळले.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागालाच माझी हरकत आहे. वर्गात जे घडते त्याला तुम्ही समजणे म्हणता, मी ओळख पटणे म्हणते. शिक्षक लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, लिहितात, तो कशासाठी आहे हे तोंडाने सांगतात, आपण मान डोलावतो. पण आपल्याला कळलेला असतो तो त्यांचा हेतू. तिसऱ्या फेरीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागेत) नेमकी कोणती किंमत आहे, असे कोणी मध्येच थांबवून विचारले तर मान डोलायची थांबते.

हे मी ऐकीव सांगत नाही. दिलेल्या संख्यांतील सर्वांत मोठी संख्या शोधा, हा प्रयोगशाळेतील माझ्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमांपैकी एक होता. मी 'मोठी' नावाचे व्हेरिएबल घेतले, त्यात शून्य ठेवले, आणि यादीतील प्रत्येक संख्या त्याच्याहून मोठी असेल तर ती त्यात साठवत गेले. ४, ९ आणि २ दिल्यावर उत्तर ९ आले, तेव्हा मी खूश होते. मग तपासणाऱ्या शिक्षकांनी उणे ४, उणे ९ आणि उणे २ या संख्या घातल्या आणि उत्तर आले शून्य, जे यादीत नव्हतेच. पुढचा बराच वेळ मी सेमिकोलन तपासण्यात, ओळी खालीवर करण्यात आणि (हे सांगायला आज लाज वाटते) शेजारच्या संगणकावर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहण्यात घालवला. व्हेरिएबलला 'मोठी' असे नाव दिले म्हणजे तिथे सर्वांत मोठी संख्या येणार, हे यंत्रालाही उमगले असेल, असे मी नकळत धरून चालले होते. त्याचे नाव 'भोपळा' ठेवले असते तरी उत्तर तेच आले असते, आणि निदान ते नाव तरी बरोबर ठरले असते. चूक सुरुवातीच्या शून्यात होती. तिथे यादीतील पहिलीच संख्या ठेवायला हवी होती.

या समजुतीला शिक्षणाचे अभ्यासक रॉय पी यांनी १९८६ साली 'सुपरबग' असे नाव दिले होते. यंत्राच्या आत कोणी तरी जाणते बसले आहे आणि त्याला आपल्या मनातले कळते, असे नवशिक्याला वाटत राहते, आणि त्याच्या निरनिराळ्या चुकांच्या मुळाशी हेच असते, असे त्यांचे म्हणणे होते. उघडपणे विचारले तर असे कोणीच मानत नाही. लिहिताना मात्र सगळेच तसे वागतात.

बरोबरच्या चिन्हाचेही तसेच आहे. शाळेत इतकी वर्षे ज्या चिन्हाचा अर्थ 'दोन्ही बाजू समान आहेत' असा होता, तेच इथे 'उजवीकडची किंमत काढून डावीकडच्या नावाखाली ठेव' असे सांगते; म्हणून 'क्ष = क्ष + १' हे गणितात अशक्य असलेले विधान इथे रोजच्या वापरातले आहे. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपासून हे चिन्ह असेच चालत आले. अल्गोल आणि पुढे १९७० च्या पास्कल या भाषांनी त्या चिन्हाच्या डावीकडे विसर्गासारखे दोन टिंब जोडून (:=) घोळ टाळायचा प्रयत्न केला, पण सी, जावा आणि पायथन या भाषांत साधे चिन्हच राहिले. परिणाम असा की, अ मध्ये ३ आणि ब मध्ये ७ असताना त्यांची अदलाबदल करायला सांगितली, तर पुष्कळ जण 'अ = ब' आणि त्याखाली 'ब = अ' असे लिहून मोकळे होतात. वाचताना ते अगदी बरोबर वाटते. पहिल्या ओळीनंतर अ मध्ये ७ आले आणि ३ कायमचे गेले, हे त्या ओळीपाशी थांबून किंमती कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

माझे सगळे उत्तर या कागदापाशी येऊन थांबते. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखा, प्रोग्रॅमची एकेक ओळ बोटाखाली धरा, आणि ती ओळ जेवढे सांगते तेवढेच करा. याला ड्राय रन म्हणतात, आणि परीक्षेतील पाच गुणांचा प्रश्न म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. रोजच्या सरावात मात्र तो कंटाळवाणा म्हणून कोणी करत नाही. गणित सोडवून झाल्यावर आपण ताळा करतो. इथे ताळा आधी शिकावा लागतो. मी माझ्या त्या प्रोग्रॅमचा तक्ता मांडला असता, तर 'मोठी'च्या रकान्यात ओळीने चार शून्ये मला दिसली असती.

रिकाम्या पानावरही हाच तक्ता उपयोगी पडतो, फक्त उलट दिशेने. पाच संख्या घ्या, हाताने उत्तर काढा, आणि ते काढताना तुम्हाला काय काय लक्षात ठेवावे लागले ते लिहा. जे लक्षात ठेवले ते व्हेरिएबल, जे पुन्हा पुन्हा केले तो लूप, जिथे थांबून ठरवले तिथे 'जर'. पहिली ओळ सुचत नाही तेव्हा बहुधा भाषेची अडचण नसते, हा हाताचा टप्पाच झालेला नसतो. कोणती भाषा आधी शिकावी या उपप्रश्नावर त्यामुळेच माझे फारसे मत नाही. अभ्यासक्रमात जी असेल ती पुरे.

आता आयते उत्तर लिहून देणारी साधने हाताशी आहेत, त्यांच्याविषयीही विचारले जाते. त्यांनी दिलेले उत्तर वाचताना फळ्यावरचा प्रोग्रॅम वाचताना येतो तसाच समजल्याचा भास होतो, किंबहुना जास्तच. वापरायचेच असेल तर त्या उत्तराचाही तक्ता मांडा.

पुढच्या वेळी माझ्याकडे याल तेव्हा चालणारा प्रोग्रॅम आणला नाहीत तरी हरकत नाही. तक्ता आणा, आणि कोणती चौकट भरताना पेन्सिल थबकली तिथे खूण करून आणा. आपण तिथूनच सुरुवात करू.