व्हीएमई कार्डांवर दोन अक्षांचा मोटर कंट्रोलर: माझा अनुभव

व्हीएमई म्हणजे औद्योगिक संगणकाची कार्डं एका सामायिक बसवर (तारांच्या संचावर) जोडण्याचं मानक. सामान मोजकंच लागलं: रॅक, ६८००० घराण्यातलं सीपीयू कार्ड, १२ बिटांचं ±१० व्होल्टचं डीएसी कार्ड (आकड्याचं व्होल्टेज करणारं), एन्कोडर (मोटर किती फिरली ते पल्सनी सांगणारा सेन्सर) मोजणारं काउंटर कार्ड आणि ऑप्टो-आयसोलेटेड (प्रकाशाच्या दुव्याने विजेपासून अलग ठेवलेलं) डिजिटल आय/ओ. पीआयडीचा (चूक मोजून मोटर सावरणाऱ्या सूत्राचा) कोड दोन पानांत मावतो. वेळ खातात ते जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या).

सीपीयू स्लॉट १ मध्येच बसवायचा, कारण बसची सूत्रं तिथून हलतात. मधला स्लॉट रिकामा ठेवला तर बॅकप्लेनवर (कार्डं ज्यात बसतात त्या मागच्या बोर्डावर) त्या जागी आयएके (इंटरप्टची पोच) आणि बीजी० ते बीजी३ (बस वापरायची परवानगी) या कार्डागणिक पुढे जाणाऱ्या सिग्नलचे जंपर लावावे लागतात (काही नव्या बॅकप्लेनवर हे आपोआप होतं). आयएकेचा राहिला तर पुढच्या कार्डाचे रजिस्टर व्यवस्थित वाचता येतात, पण इंटरप्ट (सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) आला की ‘स्प्युरियस इंटरप्ट’, म्हणजे कोणी पाठवला ते न कळलेला. मग चांगल्या कार्डावर उगाच संशय येतो.

खरा धोका डीएसीचा. कोडिंग ऑफसेट बायनरी असेल तर शून्य व्होल्टचा कोड २०४८ असतो. ० लिहिलं की थेट −१० व्होल्ट, म्हणजे मोटर उलटी, पूर्ण वेगात. सगळं शून्य करणारा निरुपद्रवी दिसणारा लूप इथे घात करतो. म्हणून आधी २०४८ लिहायचं, मीटरवर ० व्होल्ट बघायचं, मगच ड्राइव्हचं (मोटरला वीज देणाऱ्या युनिटचं) एनेबल, म्हणजे ते चालू करणारा सिग्नल. एनेबलचा रिले इमर्जन्सी स्टॉपच्या संपर्काशी सीरिजमध्ये. सॉफ्टवेअरच्या भरवशावर तो सोडायचा नाही.

एन्कोडर २,५०० रेषांचा, चौपट मोजणीने फेरीला १०,००० काउंट. ३,००० आरपीएमला सेकंदाला ५ लाख. काउंटर २४ बिटांचा असल्याने त्या वेगात तो साधारण साडेतेहतीस सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे दर वेळी आधीच्या वाचनाशी फरक घ्यायचा आणि तो २४ बिटांचं चिन्ह सांभाळून ३२ बिटांच्या बेरजेत मिळवायचा. वाचण्याआधी लॅच (त्या क्षणाचा आकडा गोठवणं) हवाच; नाहीतर तीन बाइट वेगवेगळ्या क्षणांचे येतात आणि मधेच ६५,५३६ काउंटांची उडी दिसते.

पहिला लूप कपलिंग (मोटर आणि यंत्र यांचा जोड) काढून, करंट लिमिट कमी ठेवून, फक्त छोट्या पी गेनवर (पीआयडीतल्या चुकीच्या प्रमाणात जोर देणाऱ्या गुणकावर). मोटर सुसाट सुटली तर दिशा उलटी आहे: एन्कोडरच्या ए आणि बी जोड्यांची अदलाबदल करायची. गेन वाढवून ती आवरत नाही, आणखी चेकाळते.

लूप चालवणाऱ्या, दर १ मिलिसेकंदाला येणाऱ्या इंटरप्टच्या सुरुवातीला एक डिजिटल आउटपुट वर, शेवटी खाली. ऑसिलोस्कोपवर त्या पल्सची रुंदी अर्ध्या मिलिसेकंदापुढे सरकायला लागली की तिसरा अक्ष या सीपीयूवर चढवायचा नाही.