गिरजातलं गॅदरिंग

आमच्या शाळेला हॉल नव्हता, म्हणून गॅदरिंग गिरजात व्हायचं. गाव परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळेच्या कुंपणाला लागूनच ही उंच, एकटी इमारत उभी होती आणि तिला कोणी चर्च म्हणत नसे. गिरजाच.

1853 च्या तहानं निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या, म्हणजे त्याच्या पैशावर पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. त्या फौजेची एक छावणी परतवाड्याला होती. तिथल्या साहेबांसाठी गिरजा बांधला, असं आमचे आजोबा सांगत. 1903 मध्ये ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि पुढं साहेबही गेले. मग गिरजानं काय काय नाही पाहिलं! कधी कापसाचे बोजे, कधी रेशनचा गहू, लग्नसराईत जानोसा, निवडणुकीत मतपेट्या. माझ्या काळात वर्षातले अकरा महिने तिथं शाळेची मोडकी बाकं असत आणि एक महिना आम्ही.

इमारत साधीच. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या दोन हात जाड भिंती, बाहेरून त्यांना दगडी टेकू. टोकदार कमानींच्या अरुंद खिडक्या. वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, आणि त्यांवर कवेलू. दार पश्चिमेला, दारावर गोल खिडकी, आणि समोर पूर्वेला तीन पायऱ्या चढून वेदीचा चौथरा. तोच आमचा स्टेज. शेजारची पाद्र्याची खोली मुलींना मेकअपसाठी. पडद्याची दोरी पहिल्या कैचीला. मुद्दाम नाट्यगृह बांधायला घेतलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. जानेवारीत पाच वाजता गोल खिडकीतून उन्हाचा तिरपा झोत थेट चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावर पडायचा. सिंहासन म्हणून मग कायम डावीकडं.

तयारीची सुरुवात 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला. गुरुजी स्वतः खराटा घेत. कबुतरांची घाण, उंदरांनी कुरतडलेली पोती, कोळ्याची जाळी, सगळं संध्याकाळपर्यंत बाहेर. मग शहाबादी फरशी पाण्यानं धुवायची. ओली झाली की ती निळसर काळी दिसे आणि आम्ही पोट्टे तिच्यावर घसरायचो.

सातवीत मी जिजाऊ झाले. रिकाम्या गिरजात आवाज नुसता फिरायचा. “शिवबा” म्हटलं की वरच्या कैच्यांतून दुसरी जिजाऊ “बा, बा” करत उत्तर द्यायची आणि मुलं खिदळायची. गुरुजींनी उपाय काढला, “पोरी, एक वाक्य झालं का मनातल्या मनात तीन मोजजो, मंगच दुसरं बोलजो.” पंधरा दिवस मी तीन मोजत बोलले. पक्कं बसलं.

गॅदरिंगच्या रात्री अख्खं गाव आलं. शाली, गोधड्या, घोंगड्या, मांडीवर पोरं, दारापर्यंत माणसंच माणसं. मी पहिलं वाक्य टाकलं, तीन मोजले. आणि प्रतिध्वनीच नाही! एवढ्या माणसांनी, एवढ्या कपड्यांनी तो गिळून टाकला होता. हे शास्त्र मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्या वाक्यानंतर भयाण शांतता आहे. सवयीनं मी दर वाक्याला तीन मोजतच राहिले. पडद्यामागच्या बाईंना वाटलं मी विसरले. त्या पुढचं वाक्य मोठ्यानं सांगू लागल्या, मी ते पुन्हा म्हणू लागले. पुढच्या रांगेतून माझ्याच मामांचा आवाज आला, “अवं, जिजाऊ दोन हायेत का?” नाटक तिथंच संपल्यात जमा होतं. नंतर खंजिरीवर तुकडोजी महाराजांचं भजन झालं, त्यानं अब्रू राखली.

पुढं कोणीतरी गिरजाची ‘दुरुस्ती’ केली. चुन्याच्या भिंतींवर आतून सिमेंटचा गिलावा आणि वर गुळगुळीत ऑईलपेंट. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटनं तिची वाटच बंद केली. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. मला त्याचा अजून राग आहे. आता गॅदरिंग मैदानात, मांडवात होतं, डीजेसकट. आवाजाची काहीच अडचण नाही.

गावात ख्रिस्ती घरं तीन-चार. नाताळला त्यांच्यातलं कोणीतरी गुरुजींकडून किल्ली घेऊन जाई. प्रार्थना व्हायची, केक आमच्याही वर्गात यायचा. वेदीवरच्या लोखंडी हुकाला ते तांबड्या कागदाची चांदणी टांगत आणि ती उतरवायला शिडी पुन्हा कोण आणणार? म्हणून ती जानेवारीतही तिथंच असे. माझ्याकडं त्या रात्रीचा एक फोटो आहे. मी नऊवारीत, तोंड उघडं, बहुतेक दोनपर्यंत मोजून झालेलं. शिवबा पगडी सावरतोय. आणि दोघांच्या डोक्यावर, राजगडाच्या रंगवलेल्या बुरुजाच्या बरोबर वर, ती नाताळची चांदणी.