कोकम, आंबा, अननस, शहाळं: ग्लासात पाच थर लावताना

थरांचं मॉकटेल घरी करायला घेतलं की सगळं लक्ष ओतण्याकडे जातं. चमचा उलटा धरायचा, ग्लास तिरका करायचा, श्वास रोखून धार सोडायची. याचा उपयोग होतो, पण थोडाच. थर टिकतो तो साखरेमुळे. ज्या रसात साखर जास्त तो जड, तो खाली राहतो. कमी साखरेचा त्याच्यावर तरंगतो. मी पहिल्यांदा आंब्यावर अननसाचा रस सोडला, तेव्हा दोन मिनिटांत दोन्ही मिळून एकच फिकट पिवळं पेय झालं. हात हलला नव्हता. दोन रसांची वजनंच जवळजवळ सारखी होती.

तेव्हापासून मी ओतण्याआधी प्रत्येक रसाचं वजन करते. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि एक छोटी स्टीलची वाटी पुरते. काठोकाठ भरल्यावर जिच्यात १०० ग्रॅम पाणी मावतं अशी वाटी शोधून ठेवली आहे. तीच वाटी प्रत्येक रसाने भरायची, वरून सुरीच्या पात्याने सपाट करायची आणि वजन बघायचं. एकावर एक येणाऱ्या दोन रसांत निदान दोन ग्रॅमचा फरक हवा. तीन-चार असला तर निर्धास्त ओता. माझे आकडे साधारण असे येतात: कोकमाचा पाक १२८, आंबा १०९, अननस १०५, शहाळ्यातलीच मलई घातलेलं शहाळ्याचं पाणी १०२ आणि सगळ्यात वर गोकर्णाच्या फुलांचं बिनसाखरेचं निळं पाणी १००. फळ दर वेळी सारखं गोड नसतं, म्हणून आकडे थोडे हलतात. हलले की साखरेने दुरुस्त करायचे.

त्यासाठी आधी साधा पाक करून ठेवा. १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार वगैरे काही नको. साधारण १६० मिली होतो आणि फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

तळाचा थर कोकमाचा. इंदूरच्या मराठी घरांत उन्हाळ्यात कोकम असतंच, पण आमटीत घालायची आमसुलं बहुतेक वेळा खारवलेली असतात, ती इथे चालत नाहीत. सरबताची बिनमिठाची घ्या. ५० ग्रॅम कोकम २५० मिली पाण्यात चार तास भिजवून कुस्करायचं, गाळायचं आणि त्यात ३०० ग्रॅम साखर विरघळवायची. चिमूटभर जिरेपूड घालायची असेल तर मलमलीतून गाळून. नाहीतर जिऱ्याचे कण वरच्या आंब्यात चढतात आणि दोन रंगांमधली रेघ मळकट दिसते.

आंब्यावर जरा थांबते, कारण अर्धं काम त्याचं आहे. मे महिन्यात इंदूरच्या चोइथराम मंडीत बदाम जातीचा आंबा भरपूर असतो आणि खायला छानच, पण त्याचा रस फिका. अननसाच्या शेजारी बसवला की दोन थर आहेत हे सांगावं लागतं. केशर घ्या. त्याचा नारिंगी रंग काचेतून लांबूनही वेगळा दिसतो. रस मिक्सरमध्ये फिरवून बारीक गाळणीतून काढायचा, १५० मिली रसाला ३० मिली पाक घालायचा. इथे एक गैरसमज हमखास होतो. घट्ट म्हणजे जड नव्हे. आमरस घट्ट असतो, पण पाक न घालता तोलला तर १०७ च्या आसपास भरतो, म्हणजे अननसाच्या फारसा पुढे नाही. शिवाय फार घट्ट रस चमच्यावरून गोळ्यांनी पडतो आणि प्रत्येक गोळा खालच्या कोकमात खड्डा करतो. पाक घातल्यावर रस जडही होतो आणि सैलही. चमच्यावरून अखंड धार पडली पाहिजे, पोळीबरोबर वाढतो त्यापेक्षा जरा पातळ.

अननसाचे २०० ग्रॅम तुकडे पाणी न घालता फिरवून मलमलीतून दोनदा गाळले की सव्वाशे मिलीच्या आत रस मिळतो. हा रस मी दोन-तीन मिनिटं उकळते, वर आलेली मळी काढते आणि गार करते. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं. दूध किंवा मलई त्याच्या संगतीत थोड्या वेळाने कडू लागते. उकळलं की ते निकामी होतं. इंदूरच्या माणसाला थंड म्हटलं की दाट दुधाची शिकंजीच आठवते, त्यामुळे यातही एक थर रबडीचा घालावा असं कोणीतरी सुचवतंच. अननस उकळलेला असला तरी त्याच्या आंबटपणाने दूध फाटतं. रबडी घालायचीच असेल तर अननस काढून टाका. उकळल्यावर रस थोडा आटतो, म्हणजे जड होतो. तो १०७ भरला तर आंब्यात आणखी १० मिली पाक घाला किंवा अननसातच दोन चमचे पाणी. तोलल्याशिवाय हे कळत नाही.

शहाळ्याचं १०० मिली पाणी आणि तीन मोठे चमचे कोवळी मलई मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत करायची. फिरवल्या फिरवल्या तोललं तेव्हा वाटी ९५ दाखवत होती, म्हणजे पाण्यापेक्षा हलकी. ती हवा होती. मिक्सरमधून निघालेल्या प्रत्येक रसात फेस असतो आणि फेसाचा रस खोटं वजन दाखवतो; ओतल्यावर त्यातले बुडबुडे वर जाताना थर ढवळतात. म्हणून सगळे रस झाकून निदान पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायचे, वरचा फेस चमच्याने काढायचा आणि मगच तोलायचं. थंड केल्याने आणखी एक काम होतं: गार रस कोमट रसावर आला की दोघांमध्ये हालचाल सुरू होते. सगळे सारखेच गार हवेत.

वरच्या निळ्या पाण्यासाठी गोकर्णाची दहा-बारा ताजी निळी फुलं हिरवे देठ काढून २०० मिली गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायची आणि गाळायचं. चव जवळजवळ नाही, रंगासाठीच घ्यायचं. हा रंग आंबट लागला की जांभळा होतो. अननस आंबट, शहाळं नाही. म्हणून शहाळ्याचा पांढरा थर दोघांच्या मध्ये असतो. वजनाने त्याची जागा तिथेच येते, आणि निळा निळाच राहतो. मधला पांढरा थर पातळ झाला तर खालच्या पिवळ्यात निळा उतरून जांभळट पट्टा दिसतो, तो मला अजिबात आवडत नाही.

आता ओतणं. ग्लास उंच, सरळ भिंतींचा, आतून साधारण ६ सेंटीमीटर रुंद आणि ३५० मिलीचा. खालून वर: कोकम ३० मिली, आंबा ८०, अननस ६०, शहाळं ५०, गोकर्ण ४०. एवढ्या रुंदीत ३० मिलीचा थर सेंटीमीटरभर उंच होतो, त्यावरून तुमच्या ग्लासाचा हिशेब करा. चमच्यापेक्षा मला औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलीची नवी, बिनसुईची सिरिंज बरी वाटते. तिचं टोक काचेला टेकवून, आधीच्या थराच्या जरा वर ठेवून दट्ट्या हळू दाबला की रस भिंतीवरून पसरत येतो. सगळ्यात जपून पहिले दहा मिली. तेवढा पापुद्रा बसला की पुढचं त्याच्यावर विसावतं.

बर्फ आंबा बसल्यावर घालायचा, तीन-चारच खडे, चमच्यावरून अलगद सोडून. ते आंब्यावर तरंगतात आणि अननसाची धार त्यांच्यावर पडून मोडते. अगदी शेवटी वरून टाकलेला खडा मात्र आधी खाली बुडी मारतो आणि दोन थर एकत्र करतो. बर्फ वितळून निघालेलं पाणी हलकं, ते वरच चढतं, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांनी आधी वरच्याच रेघा पुसट होतात. पाहुणे यायचे असतील तर बिनबर्फाचे ग्लास भरून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवते. दीड-दोन तास थर नीट असतात, फक्त दार धाडकन लावायचं नाही.

कोकमाचा थर घालायचा राहिला, तर ग्लास फेकू नका. स्ट्रॉ तळापर्यंत सरळ उभा घाला, सिरिंजने पाक स्ट्रॉमधून सोडा. तो तळाशी पसरतो आणि सगळा डोलारा जसाच्या तसा वर उचलला जातो. स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने बंद करून बाहेर काढा.

सोडा हवा असेल तर अगदी वर, वाढताना, दोन चमच्यांपेक्षा जास्त नाही. गराच्या कणांवर सोड्याचे बुडबुडे भराभर धरतात आणि वर येताना रस ओढून आणतात, म्हणून खालच्या कुठल्याही थरात तो घालू नये.

वाढताना लिंबाची फोड बाजूला द्या. थेंब पिळले की लिंबाचा रस निळ्यापेक्षा जड असल्याने खाली उतरतो. जाईल तिथे जांभळ्या धाग्यासारख्या रेषा उमटतात आणि पांढऱ्या थरापाशी पसरतात. ते बघून झालं की स्ट्रॉ तळाशी नेऊन दोनदा ढवळायला सांगा, नाहीतर पहिला घोट नुसत्या पाण्याचा लागतो आणि शेवटचा नुसत्या कोकमाचा.